नोलीनचं साइडलिंग

मांगाकारे खोऱ्यात सपाट जागा दोनच. एक शाळेचं मैदान आणि दुसरं कबरस्तान. म्हणजे पोरवयात पळायला सपाट मिळतं आणि मेल्यावर आडवं पडायला. मधलं सगळं आयुष्य साइडलिंगवर.

साइडलिंग म्हणजे उतार, पण कुठलाही उतार नाही. तोंड वर करून चढलात तर तो चढ. ढुंगण टेकत खाली आलात तर तो उतार. पण डोंगराच्या कुशीवरून आडवं जायचं, एक पाय कायम वर, एक कायम खाली, एका बाजूला गवत कानाला लागतंय आणि दुसऱ्या बाजूला पार खाली नदी दिसतेय, असल्या जमिनीला आमच्याकडं साइडलिंग म्हणतात. तिच्यावरून तसं चालण्यालाही तेच म्हणतात. आणि एखादा माणूस सरळ मुद्द्यावर न येता कडेकडेनं सरकत आला की त्यालाही म्हणतात, "आला बघ साइडलिंगनं."

नोलीन हॅरावे असल्याच जमिनीवर जन्मली आणि तिथंच म्हातारी व्हायला लागली. तिच्या घराचं मागचं दार उघडलं की पहिलंच पाऊल तिरपं पडतं. मेंढराला औषधाचा हौद जितका आवडतो तितकी तिला शाळा आवडायची. एकदा बाहेर पडली ती परत गेली नाही. त्यावाचून तिचं काही अडलं नाही. अडलं असं ज्याला वाटतं त्यानं तिच्यासोबत एक दिवस डोंगरावर चालून दाखवावं. दुपारपर्यंत टिकला तर बोलू.

बाप अल्फ गेला तेव्हा शेत तिच्यावर आलं. लग्न केलं नाही. कुणी विचारलं की म्हणायची, "बघितले की दोन-तीन. सगळे सपाटीवरचे निघाले."

आणि तिचा आवाज! नोलीननं हाक मारली की पलीकडच्या खोऱ्यातली कुत्रीसुद्धा खाली बसायची. तिची शीळ तर कुऱ्हाडीसारखी होती, हवा चिरत जायची. आमच्या मेंढरांच्या धंद्यात आवाज म्हणजे अर्धं शेत. कुत्रा तिकडं पार वर, माणूस खाली. मध्ये फक्त आवाज असतो.

तो आवाजच गेला. घशात गाठ निघाली, शहरातल्या डॉक्टरांनी गाठीबरोबर स्वरयंत्रही काढलं आणि श्वास घ्यायला गळ्याला भोक ठेवलं. जीव वाचला. पण आता श्वास तोंडातून येईना, म्हणून शीळही गेली. त्यांनी एक यंत्र दिलं. ते गळ्याला लावून ओठ हलवले की शब्द निघायचे, पण कसे, तर डबीत कोंडलेली गांधीलमाशी बोलतेय असे. घरी येऊन तिनं ते पहिल्यांदा लावलं आणि आपल्या कुत्र्याला म्हणाली, "टॉस, ये रे बाबा." टॉस शेपूट घालून गाडीखाली घुसला आणि संध्याकाळपर्यंत बाहेर आला नाही.

टॉस हंटअवे. काळा-तांबडा, छातीनं रुंद. हंटअवे म्हणजे भुंकून भुंकून मेंढरं पुढं दामटणारा कुत्रा. मालकानं सांगावं डावीकडं, उजवीकडं, थांब, आणि त्यानं मागून गर्जत कळप डोंगरावर चढवावा. सांगणारंच कुणी नाही म्हटल्यावर तो नुसता भुंकायचा आणि मेंढरं दाणे सांडल्यासारखी डोंगरभर पांगायची. नोलीननं घंटा वाजवून बघितली, टॉसला वाटलं जेवायला बोलावलं. टाळ्या वाजवल्या, त्याला वाटलं शाबासकी देतेय. पत्रा बडवला, तर तो परत गाडीखाली. शेवटी शेजारीपाजारी येऊन तिची मेंढरं गोळा करून देऊ लागले. ती त्यांना चहा पाजायची आणि ते गेल्यावर भांडी आपटायची.

दर उन्हाळ्याच्या शेवटी आमच्या क्लबची कुत्र्यांची स्पर्धा असते. त्याच्या महिनाभर आधी एक दिवस सगळे जमून कुंपणं नीट करतात, झेंडे रोवतात, आणि मग लोकरीच्या शेडमध्ये चहा. त्या वर्षी नोलीनही खांब ठोकायला आली होती. चहा, स्कोन, मटणाचे सँडविच. क्लबचा म्होरक्या विरेमू काका, गोरे यायच्या आधीपासून इथं असलेल्या लोकांतला, पेटीवर बसला होता. सगळं खोरं त्याला काकाच म्हणतं, त्याच्याहून मोठेसुद्धा. शाळेच्या निवृत्त ओगिल्वीबाई चहा ओतत होत्या.

विरेमू काकानं गुडघा चोळत म्हटलं, "हे साइडलिंग कुणी शोधून काढलं रे? आमच्या लोकांनी तर सरळ नदीकाठी गावं वसवली होती."

"आमच्याच पूर्वजांनी," ओगिल्वीबाई म्हणाल्या. "शब्द जुना आहे हो, इंग्लंडातून बोटीनं आलेला. आधी त्याचा अर्थ नुसता 'बाजूबाजूनं' असा होता. जमिनीला कुणी तसं म्हणत नव्हतं फारसं. इकडं येऊन बघतात तर सगळी जमीनच बाजूला पडलेली. मग नाव जमिनीलाच चिकटलं."

"आणि साइडल करणं? हळूच सरकणं?" काकानं विचारलं.

"ते मागून आलं. लोकांना वाटलं, साइडलिंग आहे म्हणजे साइडल असणारच. म्हणून शेपूट तोडून नवा शब्द केला."

"म्हणजे आधी पोरगी जन्मली आणि तिच्या पोटी आई!" विरेमू काका हसला. "तुमच्या गोऱ्यांची घराणी अशीच."

"काका, माझा आजोबा बैलगाडी न्यायचा या साइडलिंगवरून," नोलीननं यंत्र गळ्याला लावलं. सगळे पुढं वाकले, ती बोलायला लागली की वाकायचेच. "वरच्या बाजूला दोर बांधून माणसं लोंबकळायची. गाडी कलंडू नये म्हणून. आजीसुद्धा लोंबकळली होती. पोटात माझा बाप घेऊन."

"म्हणूनच अल्फ जन्मभर तिरपा चालायचा," काका म्हणाला आणि शेड हसण्यानं भरली. नोलीनही हसली. तिचं हसू आता बिनआवाजी होतं, नुसते खांदे हलायचे.

तेवढ्यात डेस प्रॅटली उठून तिच्याकडं आला. डेस म्हणजे पलीकडच्या शेताचा मालक, स्पर्धेत दरवर्षी वर असणारा माणूस, वाईट मुळीच नाही. पण आला तो साइडलिंगनं. आधी पावसाचं बोलला. मग गवताचं. मग तिच्या कुंपणाच्या तारेचं.

"डेस," नोलीन गुणगुणली, "चहा गार होतोय. बोल."

"टॉसबद्दल होतं गं."

"काय टॉसबद्दल?"

"साखळीला बांधून ठेवलायस तू त्याला. असला कुत्रा! नोली, बांधलेला हंटअवे सडतो. माझ्याकडं दे. रोज डोंगर मिळेल त्याला. तुला भेटायला आणत जाईन की."

तिला सगळ्यात जास्त झोंबलं ते हे की डेस खोटं बोलत नव्हता. टॉस खरंच सुकत चालला होता. तिनं कपाकडं बघितलं, मग यंत्र इतकं जोरात दाबलं की गळ्यावर वळ उठला.

"स्पर्धेत उतरवते त्याला. झिगझॅगमध्ये. पहिल्या सातांत आला नाही तर तुझा."

"अगं पण तू त्याला सांगणार कसं?"

"ते माझं मी बघीन."

"नोली, मी तसं नव्हतो म्हणत..."

"मी म्हणतेय तसं. घाबरलास?"

घरी आली तेव्हा तिच्या डोक्यात काही म्हणजे काही नव्हतं. नुसती जिद्द. टॉसला सोडलं, काठी घेतली आणि घरामागच्या साइडलिंगवर गेली. वाळकं गवत काचेसारखं गुळगुळीत झालेलं. टॉस वर चार-सहा मेंढ्यांच्या मागं भुंकत होता, मन मानेल तसा. त्याला अडवायला ती घाईनं आडवी निघाली आणि खालचा पाय सटकला. पडता पडता तिनं काठी रोवली आणि अख्खी उजवीकडं कलली. काठीला लटकून तशीच राहिली. शिवी द्यायलाही आवाज नाही.

वर टॉसनं भुंकता भुंकता दम घ्यायला क्षणभर मान वळवली. तिला बघितलं. आणि तो उजवीकडं गेला.

नोलीन उठलीच नाही. तशीच लटकून विचार करत राहिली. मग काठीसकट हळूहळू डावीकडं कलली. टॉसनं परत दम घेतला, बघितलं, डावीकडं वळला. काठी सरळ उभी धरली, तो थांबला.

"हलकटा," ती मनात म्हणाली, "इतकी वर्षं मी घसा फोडत होते आणि तू ऐकतच नव्हतास! बघत होतास!"

खरंच तसं होतं. हाक मारताना ती ज्या बाजूची हाक त्या बाजूला कलायची. बापही कलायचा. साइडलिंगवर जन्मलेली माणसं, सरळ उभी राहिली तर पडतील. ते तिला कधी कळलं नव्हतं, कुत्र्याला कळलं होतं.

पण स्पर्धेचा एक नियम आडवा होता. हंटअवेनं तोंड मेंढरांकडं ठेवायचं. सारखा मालकाकडं वळून बघणाऱ्या कुत्र्याचे गुण कापतात. म्हणून तिनं त्याला एवढंच शिकवलं, की वळायची वेळ आली तेव्हाच बघायचं, तेही दम घेताना, डोळा मिटून उघडावा इतकंच. रोज सकाळ-संध्याकाळ. टॉसच्या अंगावर चकाकी परत आली. शेजाऱ्यांना लांबून दिसायचं ते एवढंच, की नोली हॅरावे डोंगरावर उभी राहून काठीबरोबर डुलतेय.

"पिते की काय?" डेसनं विचारलं.

"चांगलीय ना तब्येत, मग पिऊ दे," विरेमू काका म्हणाला.

स्पर्धेच्या दिवशी पार टायहापे गावापासून माणसं आली होती. झिगझॅगचा मामला असा: माणूस खाली खुंट्यांच्या चौकटीत उभा राहतो, पाय बाहेर टाकायचा नाही. तीन मेंढ्या सोडतात. कुत्र्यानं त्या आधी डावीकडं तिरप्या चढवत पहिल्या झेंड्यांमधून काढायच्या, मग वळवून उजवीकडं तिरप्या दुसऱ्या झेंड्यांपर्यंत, आणि शेवटी सरळ वर. म्हणजे दोन साइडलिंगं आणि एक चढ.

आमच्या डोंगरावर दुसऱ्या तिरप्या वाटेत एक खळगा आहे. मेंढ्या आणि कुत्रा त्यात उतरले की खालून काही दिसत नाही. सगळ्यांची वाट तिथंच लागते. कुत्रा दिसेना झाला की माणसाचा धीर सुटतो आणि तो ओरडतो. आमचे बाप ओरडायचे, त्यांचे बाप ओरडायचे. त्या दिवशीही एकेक जण ओरडला. "डावीकडं! अरे डावीकडं! थांब! थांब म्हटलं ना गाढवा!" आणि खळग्यातून मेंढ्या भलत्याच तोंडानं, बहुतेकदा खालच्या बाजूनं, बाहेर यायच्या. मग सगळे म्हणायचे, खळगा वाईट.

डेसचंही थोडंफार तसंच झालं, पण बाकीचं त्याचं काम इतकं साफ होतं की गुण चांगले पडले.

नोलीनचं नाव पुकारलं. ती चौकटीत गेली. यंत्र खिशातून काढून ओगिल्वीबाईंच्या हातात दिलं. कुंपणावर टेकलेल्या माणसांत कुणीतरी कुजबुजलं, "बिचारी." विरेमू काकानं नुसतं वळून बघितलं. परत कुणी कुजबुजलं नाही.

मेंढ्या सुटल्या. नोलीन उजवीकडं कलली, टॉस उजवीकडून खाली राहिला आणि असा भुंकला की कप वाजले. मेंढ्या डावीकडं तिरप्या निघाल्या, अगदी दोरी लावल्यासारख्या. पहिले झेंडे. टॉसनं दम घेतला, डोळा फिरवला. नोलीन डावीकडं कलली. तो मागून गोल फिरून डावीकडं आला आणि मेंढ्या उजवीकडं वळल्या. गुण कापायला पंचाची पेन्सिल कागदावर टेकलीसुद्धा नाही.

आणि मग तिघीही खळग्यात उतरल्या. मागोमाग टॉस. डोंगर रिकामा.

आता नोलीनकडं काहीच नव्हतं. तिला दिसत नव्हता तो, त्याला दिसत नव्हती ती. चौकटीच्या कोपऱ्यात क्रमांकाचा पत्रा होता. काठीनं तो बडवावा असं तिच्या हाताला इतकं वाटलं की काठी उचललीही गेली. निदान त्याला कळेल मी इथं आहे! कुंपणावर अर्ध्यांचे ओठ आपोआप हलत होते, "डावीकडं, डावीकडं."

तिनं काठी खाली टेकली. सरळ, स्वतःच्या समोर. आणि दोन्ही हात तिच्यावर ठेवून कान दिला.

खळग्यातून टॉसचा आवाज येत होता. एकदम जोरात नाही, सावकाश, एका जागेवरून. मग जरा वरून. मग गप्प. ती ऐकत गेली तसतसा तो तिला डोळ्यांपुढं दिसत गेला: आता खाली बसला, मेंढ्यांना विचार करू दिला, आता उठला. आयुष्यात पहिल्यांदा ती त्याचं ऐकत होती. त्या खळग्यात एवढी शांतता मेंढ्यांच्या पिढ्यांनी अनुभवली नसेल. खालून माणूस बोंबलत नाही म्हटल्यावर त्यांनाही मागं फिरायला कारण उरलं नाही.

पहिलं पांढरं डोकं वर आलं. उजव्या कडेनं. मग दुसरं, तिसरं. त्याच तिरप्या रेषेत, जिथं सोडली होती तिथूनच पुढं. मागून टॉस, जीभ बाहेर, तोंड मेंढ्यांकडं. दुसरे झेंडे. तिनं दोन्ही हातांनी काठी उंच, सरळ आकाशाकडं धरली आणि टॉस गर्जत त्यांना नीट वर घेऊन गेला.

मग विरेमू काकानं टोपी उडवली आणि डोंगर दुमदुमला. पंच परगावचा माणूस होता, त्यानं चष्मा काढून पुसला. सात सोडा, ती सगळ्यांच्या वर होती.

टॉस तिचा राहिला. तिथंच संपलं असतं तरी चाललं असतं, पण पहिल्या सातांना परत एकदा धावावं लागतं आणि त्यातून क्रमांक ठरतो. जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांच्या तोंडी एकच: खळगा वाईट नाही, आपलं तोंड वाईट. ठरलं, कुणी ओरडायचं नाही. बोलायला काय जातं! पहिला गडी चौकटीत गेला, कुत्रा खळग्यात उतरला, आणि गडी ओरडला. दुसराही ओरडला. डेसनं ओठ दाताखाली धरले, चेहरा बीटासारखा लाल झाला. बघणारे मोठ्यानं म्हणायला लागले, "धर! धर! शाबास डेस!" खळग्याच्या काठावर पहिली मेंढी दिसणारच होती, तेवढ्यात त्याच्याच्यानं राहवलं नाही.

"डावीकडं!"

मेंढी परत आत. लोक हसून हसून गवतात लोळले. डेससुद्धा टोपी जमिनीवर आपटून हसला.

नोलीन शेवटी गेली. सकाळच्याहून एक गोष्ट वेगळी झाली. टॉस खळग्यात उतरला तेव्हा तिनं डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा मेंढ्या झेंड्यांकडं चालल्या होत्या.

पहिल्या क्रमांकाची पट्टी तिच्या हातात देताना विरेमू काकानं भाषण केलं नाही. आपल्या लोकांच्या रीतीनं तिच्या कपाळाला कपाळ, नाकाला नाक लावलं आणि बराच वेळ तसाच उभा राहिला. अल्फचा दोस्त होता तो. टॉसला तिनं स्वतःच्या ताटातलं मटण घातलं, आधी त्याला, मग स्वतःला, आणि बायकांनी तिला दुसरं ताट भरून आणून दिलं.

अंधार पडायच्या आत डेस आला. या वेळी सरळ आला, गवत तुडवत, पावसाचं एक अक्षर नाही.

"सोमवारी मेंढरं खाली आणून माझं मागचं साइडलिंग मोकळं करायचंय," तो म्हणाला. "सगळ्यात वरची वाट तुझी आणि टॉसची. येशील?"

ती वाट सगळ्यात भरवशाच्या माणसाला देतात. आजवर ती डेस स्वतः घ्यायचा.

नोलीननं यंत्र गळ्याला लावलं. "येईन. पण तू गप्प बसायचंस."

"प्रयत्न करतो."

"प्रयत्न नको. तोंडात काहीतरी धर."

सोमवारी सकाळी मागच्या साइडलिंगवरून मेंढरांची लांबलचक रांग आडवी निघाली, वरच्या कडेवर टॉस गर्जत आणि त्याच्या खाली एक म्हातारी काठीबरोबर इकडून तिकडं कलत. फाटकापाशी डेस प्रॅटली उभा होता. दातांत लाकडाची खुंटी धरून, घामाघूम, आणि एक शब्द न बोलता.